अँब्रोज कीओचा फ्रीजर

“नको रे बाबा,” मॉर्गन ड्रोव्हर फोनवर म्हणाला, “मला अजून जगायचंय.”

“तासाभराचं काम आहे, मॉर्गन. चहा पिऊ, चार जुन्या गोष्टी काढू, मी आपली टेप चालू ठेवीन...”

“तेच तर! तुझी टेप सुरू झाली की आमची संपते. गेल्या हिवाळ्यात सिल्व्हेस्टरकडे गेलास, त्यानं ईस्टर पाहिला नाही. लोरेटाकडे केक घेऊन गेलास, तो केकसुद्धा संपायचा होता. मग गस. गसला तर नुसती सर्दी झाली होती!”

“गस नव्वदीला टेकला होता.”

“आणि मी काय पाळण्यात आहे? ठेव फोन. बर्नीला विचारलंय म्हणून सांग. आणि हे बघ, रस्त्यात दिसलास तर लांबूनच हात कर.”

अँब्रोज कीओने फोन ठेवला. मॉर्गन हा बेटावरचा शेवटचा मोठा अ‍ॅकॉर्डियनवाला, आणि थट्टेखोर म्हणून त्याची ख्याती होती. अँब्रोज हसायला गेला, पण मॉर्गन शेवटचे वाक्य थट्टेत म्हणाला नव्हता हे त्याच्या ध्यानात आले.

गोष्ट अशी होती. न्यूफाउंडलंड बेटावर शनिवारची दुपार म्हणजे घराघरांत मटारडाळीचे सूप आणि रेडिओवर अँब्रोज कीओ. ही जोडी इतकी जुनी की दोन्हींतले एक नसले तर लोकांना वार चुकल्यासारखे वाटे. त्याच्या कार्यक्रमाचे नाव ‘तबकड्यांची दुपार’. तरुणपणी तो सेंट जॉन्समधल्या एका फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गाण्यांच्या तबकड्याही विकायला असत. गिऱ्हाइकाला सोफा दाखवता दाखवता अँब्रोज त्याला गाण्यांची कुळकथा ऐकवत बसे. सोफे काही खपले नाहीत, पण त्याचे नाव रेडिओवाल्यांच्या कानावर गेले. मग त्याने सारे बेट पालथे घातले. मासेमारीच्या खेड्यांतल्या हॉलमध्ये नाचाला वाजवणारे बँड, एकच तबकडी काढून पुन्हा बोटीवर परतलेले गवई, कोणाचे गाणे कोणी उचलले, कोण कोणाशी भांडून वेगळा झाला, सगळे त्याला तोंडपाठ. त्यावर त्याने जाडजूड पुस्तकही लिहिले, आणि ते लग्नात आहेर म्हणून देण्याइतके खपले.

फ्रीजर ही त्याचीच कल्पना. जुना गवई गेला की त्याच आठवड्यात रेडिओवर तासभर त्याची आठवण जागवायची, तर ती आधी तयार हवी. म्हणून अँब्रोज म्हाताऱ्या कलावंतांना जिवंतपणीच गाठून बोलते करी, मधेमधे त्यांची गाणी गुंफी आणि तो तास कपाटात बंद करून ठेवी. बेटावर घरोघरी तळघरात मोठा फ्रीजर असतो. हिवाळ्याच्या बेगमीला त्यात कॉड मासा आणि मूस या मोठ्या हरणाचे मांस भरून ठेवतात. त्यावरून स्टेशनातल्या लोकांनी त्या कपाटाला फ्रीजर म्हणायला सुरुवात केली. माणूस गेला की तास बाहेर निघे. आधी अ‍ॅकॉर्डियनची एक संथ धून वाजे, मग अँब्रोजचा आवाज येई. ती धून ऐकली की बायका हातातले काम ठेवून विचारत, ‘कोण गं गेलं?’

आता ऐंशीच्या घरातल्या माणसांना भेटत फिरले तर त्यांतली काही जाणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे अँब्रोजला काय कळत नव्हते? पण गेल्या वर्षभरात हा कावळा ज्या ज्या फांदीवर बसला ती ती मोडली होती. चर्चच्या पायऱ्यांवर म्हातारे त्याला बघून खोटेखोटे छातीवर क्रूस काढत. त्यातला एखादा मात्र खरोखरच वाट बदलून दुसऱ्या दाराने जाई, आणि तेव्हा अँब्रोजच्या मनात पाल चुकचुके.

त्या दिवशी फोन ठेवून तो वळला तर दारात नोरीन हिस्कॉक उभी होती. ही त्याच्या कार्यक्रमाची निर्माती, त्याच्या मुलीपेक्षाही लहान. कार्यक्रमाची बहुतेक यंत्रे हिच्या हातात. तिच्या हातात एक छोटी तबकडी होती.

“अँब्रोजकाका, जुन्या खोक्यांत ही सापडली. आत्ता लावून ऐकली. काय आवाज आहे हो! दुसऱ्या कडव्यात मागे धुक्यात बोटींसाठी वाजवतात तो भोंगा वाजतो आणि ही बाई त्याच सुरात वर चढते. कोण ही बर्नी फॅरल? जिवंत आहे का?”

“गेल्या रविवारी तू तिच्या हातचं जेवलीस.”

नोरीनने तबकडीवरचे नाव पुन्हा वाचले.

“बर्नीमावशी? आपल्या बर्नीमावशी?” ती खुर्चीतच बसली. “मग तुम्ही ही कधीच का नाही लावली?”

कारण साधे होते आणि अँब्रोजला त्याचा अभिमान होता. बेट लहान, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी. त्याच्या आधीचा निवेदक दर आठवड्याला आपल्या मेहुण्याचा बँड वाजवी, आणि लोक त्या कार्यक्रमाला ‘मेहुण्याची दुपार’ म्हणत. अँब्रोजने पहिल्याच दिवशी ठरवले, घरच्या माणसाची तबकडी लावायची नाही. पुस्तक लिहितानाही तोच नेम. बायकोबद्दल, म्हणजे बर्नीबद्दल, त्यात एक वाक्य होते: ‘सेव्हन फॅदम्स’ या बँडमध्ये काही काळ बर्नडेट फॅरल या गायिका होत्या.

“म्हणजे त्या फ्रीजरमध्येही नाहीत?” नोरीनने विचारले. “मग उद्या जर...” ती जीभ चावून थांबली.

ती का थांबली ते अँब्रोजला कळले. उन्हाळ्यापासून बर्नीचा खोकला हटत नव्हता. पंधरवड्यापूर्वी हॉस्पिटलात फुप्फुसांची तपासणी झाली होती आणि निकाल अजून कळायचा होता. घरी फोन वाजला की दोघेही एकदम उठत, मग एकमेकांकडे बघत, आणि शेवटी बर्नी जाई.

संध्याकाळी बर्नीने तळलेला कॉड वाढला आणि समोर बसली.

“नोरीनचा फोन होता. रडायचीच बाकी होती पोरगी. म्हणे, मावशी, तुम्ही असं गात होतात आणि मला इतकी वर्षं नुसता चहाच पाजलात.”

“तिला बोलायची सवय आहे.”

“माझी कधी घेतोस?”

“काय?”

“मुलाखत. फ्रीजरची.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“अख्ख्या बेटाला विचारत फिरलास. पहिलं गाणं कुठलं, पहिला हॉल कुठला, का सोडलंत. गस व्हेलनला पुस्तकात चार पानं! त्याला गिटार जुळवता यायची नाही रे, मी जुळवून द्यायची. आणि मला एक ओळ. त्यातसुद्धा ‘काही काळ’.”

“मी तसं का केलं ते तुला ठाऊक आहे. लोक म्हणाले असते...”

“लोक काय म्हणाले असते ते मला पाठ आहे. लोक काही म्हणालेच नाहीत, अँब्रोज. विसरून गेले.”

तिला खोकला आला. अँब्रोज पाण्यासाठी उठला, तिने हातानेच त्याला बसवले. खोकला थांबल्यावर तिने ओठ पुसले.

“मला ऐकायचंय,” ती म्हणाली. “माझं नाव, रेडिओवर, तुझ्या तोंडून. मी गेल्यावर सगळं बेट ऐकेल, त्याचं मी काय करू?”

“तू कुठेही जात नाहीस.”

“मग एवढा घाबरतोस कशाला? टेप लावलीस तर मी मरेन म्हणून, का टेप लावलीस तर मी बोलेन म्हणून?”

खरे उत्तर दोन्ही असे होते. अँब्रोज म्हणाला, “मासा गार होतोय.”

पुढचे काही दिवस त्याने विषय टाळला, पण विषय त्याला टाळेना. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर पिकवणारीला अँब्रोजनेच बाजारात जाऊ दिले नव्हते, आणि वर आपल्या निःपक्षपाताबद्दल स्वतःचीच पाठ थोपटत आला होता. हे त्याला दिसत होते. पण टेपच्या नुसत्या विचाराने सिल्व्हेस्टर आठवे, केकचा तुकडा हातात घेऊन हसणारी लोरेटा आठवे. शिकला-सवरलेला माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतो हे कोणाला सांगायचीही चोरी. बर्नीला जपायचे तर तिची आठवण करून ठेवायची नाही, असे काहीतरी उफराटे त्याच्या मनाने घेतले होते.

मग एका सकाळी तो जिन्यात बूट घालत होता आणि स्वयंपाकघरात बर्नी गुणगुणत होती. तेच गाणे, तबकडीवरचे. वरच्या सुराशी आली आणि श्वास पुरला नाही. ती थांबली, पुन्हा मागून उचलले, पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तिने उचललेच नाही, नळ सोडला. अँब्रोज एक बूट हातात घेऊन तसाच बसून राहिला. मग आत जाऊन म्हणाला, “मंगळवारी दुपारी स्टुडिओ रिकामा असतो.”

“केस सेट करून घ्यायला हवेत,” बर्नी म्हणाली.

“रेडिओ आहे तो.”

“मला ठाऊक आहे रेडिओ काय असतो ते. मी एकाशी लग्न केलंय.”

मंगळवारी बंदर धुक्यात बुडाले होते. बर्नी ठेवणीतला निळा कोट घालून आली. नोरीन काचेपलीकडे बसली. अँब्रोजने परक्या माणसाला विचारावे तसे पहिले वाक्य म्हटले, कारण दुसरे कसे सुरू करायचे ते त्याला ठाऊकच नव्हते.

“आपलं पूर्ण नाव सांगाल?”

“तुम्हाला ठाऊक नाही? बरं. बर्नडेट मेरी फॅरल. लग्नानंतर कीओ. नवरा रेडिओत आहे, बोलतो फार.”

काचेपलीकडे नोरीनने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. बर्नी मात्र बघता बघता रंगली. मासे साफ करण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर मात करत गायला शिकले म्हणाली. बेटावर धड स्टुडिओ नव्हता, म्हणून तबकडीसाठी चर्चचा हॉल घेतला. भोंगा ऐकू येऊ नये म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावल्या, तरी मेला आलाच. ‘मग मी म्हटलं, जाऊ दे, तोही बँडमध्ये.’ मग सांगू लागली, एका खेड्यात गोठलेल्या खाडीवरून घोड्याच्या घसरगाडीत बसून नाचाला गेलो आणि परत येताना मागे बर्फ तडकल्याचा आवाज येत होता, तेव्हा सगळा बँड गप्प आणि मी एकटीच गात होते, घोडा बिचकू नये म्हणून. हे अँब्रोजने कधी ऐकले नव्हते. बेटाच्या गाण्याचा सगळा इतिहास ज्याच्या जिभेवर, त्याच्याच घरात हे पडून होते.

शेवटी तो प्रश्न आला, जो त्याने आजवर प्रत्येकाला विचारला होता.

“गाणं का सोडलंत?”

बर्नीने कोटाची बाही सारखी केली.

“सोडायचं असं काही ठरवलं नव्हतं. रोझान झाली. एक हंगाम गेला, दुसरा गेला. सोडू नको असं कुणी म्हणालं नाही.”

रेडिओच्या माणसाला शांततेची सगळ्यात जास्त धास्ती असते. दोन क्षण आवाज बंद पडला तर त्याला घाम फुटतो. पण अँब्रोजला पुढचा प्रश्न सुचेना, आणि नंतर नोरीनने ती शांतता कापायला घेतली तेव्हा त्याने तिचा हात धरला. राहू दे म्हणाला.

घरी जाताना गाडीत बर्नी काचेवरची वाफ बोटाने पुसत म्हणाली, “चला, फ्रीजरमध्ये गेले. आता फक्त मरायचं बाकी.”

“शनिवारी लावतो,” अँब्रोज म्हणाला.

“या शनिवारी? आणि तुझा नेम?”

“केला कुणी होता? मीच.”

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.

गुरुवारी तो घरी आला तेव्हा बर्नी फोनजवळच्या खुर्चीत बसली होती, दिवा न लावता. रोझानशी बोलत होते म्हणाली. रोझान, त्यांची मुलगी, पार पश्चिमेला आल्बर्टात नोकरीला. “काय म्हणतेय?” “बर्फ पडलाय म्हणे.” मग ती उठली आणि चुलीवर बटाटे ठेवले. अँब्रोजला काहीतरी खटकले. पण तो शनिवारच्या तासात इतका बुडाला होता की विचारायचे राहिले.

शनिवारी तो निघाला तेव्हा तिने रेडिओ टेबलावर आणून ठेवला होता आणि निळा कोट पुन्हा अंगात घातला होता. “घरात कोट कशाला?” त्याने विचारले. “गार वाटतंय,” ती म्हणाली. “जा तू. उशीर करू नकोस आज.”

दुपारचे दोन वाजले. नोरीनने खूण केली. आणि इथे अँब्रोजच्या हातून ती चूक झाली, जी फक्त त्याच्याच हातून होऊ शकत होती. तासाची सुरुवात म्हटल्यावर त्याचा हात आपसूक नेहमीच्या बटणावर गेला आणि अ‍ॅकॉर्डियनची ती संथ धून बेटभर वाजली. त्यामागून त्याचा आवाज गेला, तोच नेहमीचा, जड आणि सावकाश. “मंडळी, आजचा तास बर्नी फॅरल यांचा. अनेकांना हे नाव आठवणार नाही. त्या माझ्या पत्नी...” पुढे त्याचा आवाज दाटला आणि वाक्य पुरे झाले नाही. त्याने घाईने मुलाखत सुरू केली. आवाज का दाटला, याचा अर्थ बेटाने आपापल्या स्वयंपाकघरात लावून टाकला.

पहिले गाणे संपले तेव्हा फोनचे दिवे लागायला लागले. एक, मग तीन, मग सगळे. अँब्रोजला वाटले, लोकांना आवडतेय. त्याला मनापासून आनंद झाला. इतक्या वर्षांनी का होईना, बर्नीचे नाव लोकांच्या कानी पडत होते. मग काचेपलीकडे नोरीनने एक फोन उचलला, दुसरा उचलला, आणि तिचा चेहरा उतरत गेला. ती दार उघडून आत आली.

“काका,” ती म्हणाली, “लोक... लोक तुमचं सांत्वन करतायत.”

“कसलं?”

“बर्नीमावशी गेल्या म्हणून. मॉर्गन ड्रोव्हर तर फोनवर रडत होता. एक बाई म्हणाली, तुमच्या घरापुढे गाड्या लागल्यात, फादर पण आलेत.” ती दार धरूनच उभी होती. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. धून वाजली तेव्हा मला वाटलं, सकाळीच काहीतरी झालंय आणि तरी तुम्ही काम करताय...”

अँब्रोजने घरचा फोन फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला, तोच व्यस्त सूर. आत बर्नीचा आवाज कारखान्यातल्या यंत्रांबद्दल सांगत होता. धुनीमुळे लोकांचा गैरसमज झाला असेल, हे त्याच्या ध्यानात आले. पण फादर? फादर काय रेडिओ ऐकून येतात? आपण टेप लावली, आणि फांदी मोडली. त्याने कोट न घालताच धाव घेतली.

टेकडीचा रस्ता धुक्याने भरला होता. समोरचे दिसत नव्हते आणि खालून भोंगा वाजत होता. अँब्रोज गाडी हाकत होता आणि मोठ्याने म्हणत होता, “सोडू नको. बर्नी, सोडू नको.” हे वाक्य जेव्हा म्हणायला हवे होते तेव्हा तो कुठल्यातरी खाडीपलीकडे दुसऱ्याच कोणाला गाण्याबद्दल विचारत होता.

घराच्या गल्लीत गाड्या दोन्ही बाजूंना लागल्या होत्या, मयताच्या दिवशी लागतात तशा. सगळ्यात पुढे फादरांची. दाराशी पुरुष टोप्या हातात घेऊन उभे होते. त्याला बघून बाजूला झाले. शेजारचा एकजण काहीतरी सांगायला पुढे झाला, पण मागच्याने त्याला गप्प राहायची खूण केली. तो भिंतीला धरून आत गेला. स्वयंपाकघरात बायका दाटीने उभ्या होत्या, आणि त्यांच्या मधून बर्नीचा आवाज येत होता. रेडिओतून. खिडकीजवळच्या खुर्चीत निळा कोट होता, सेट केलेले केस होते, आणि मान एका बाजूला कलली होती.

“बर्नी,” तो म्हणाला.

निळ्या कोटाचा हात वर झाला. “श्श! बर्फाचं येतंय आता. आणि दार लाव, वारा येतोय.”

अँब्रोज दाराच्या चौकटीला टेकून लहान मुलासारखा रडला. कोणी त्याला धरले, कोणी खुर्ची दिली, पण तास संपेपर्यंत त्याच्याकडे कोणी नीट लक्ष दिले नाही. सगळ्यांचे कान रेडिओकडे होते. ती शांतता आली तेव्हा खोलीत कोणी हलले नाही, आणि बर्नी आपल्या हातांकडे बघत राहिली.

तबकडी संपली आणि एकच गलका उसळला.

“मी पहिली आले,” शेजारची ट्रिफीना मावशी ठसक्यात सांगू लागली. ही गल्लीतली सगळ्यात म्हातारी. “सूपचं भांडं तसंच चुलीवरून उचललं. दार वाजवलं तर हीच उघडायला! मी म्हटलं, अगं भवाने, तू मेलीस ना? तर म्हणते कशी, अजून नाही मावशी, आत ये, माझं चालू आहे.”

“मी तर वाटेत तुझ्यासाठी प्रार्थनाही म्हटली,” एकजण म्हणाला.

“वाया नाही जायची,” फादर म्हणाले. त्यांना ट्रिफीना मावशीनेच फोन केला होता.

घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. शनिवार असल्यामुळे जो तो चुलीवरचे सूपच घेऊन आला होता. शिवाय बीट घालून गुलाबी केलेली बटाट्याची कोशिंबीर, मनुकांचे पाव, मूसच्या मांसाची एक अख्खी परात. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टीवर घरवालीचे नाव चिकटवलेले, दुखवट्याच्या घरून भांडी परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून. मॉर्गन ड्रोव्हर अ‍ॅकॉर्डियन घेऊन आला आणि बर्नीला बघून शिव्या देत सुटला. मग म्हणाला, “मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं. तू आता आम्हा सगळ्यांना पोचवणार.” सगळे हसले. बर्नीही हसली, पण तिने अँब्रोजकडे बघितले नाही.

दुखवट्याला म्हणून जे मनात घेऊन आले होते ते माणसांनी तिला तोंडावरच सांगितले. कोणी तिच्या गाण्यावर पहिल्यांदा नाचले होते. कोणाचे लग्न त्या नाचात जुळले होते. एका म्हाताऱ्याला दुसरे कडवे अजून येत होते, त्याने ते बेसूर म्हणून दाखवले. बर्नी ऐकत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की अँब्रोजला तो खूप जुना, हॉलमधल्या दिव्याखालचा चेहरा आठवला. आपण हिच्या वाट्याचे केवढे अडवून ठेवले होते, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली.

दिवेलागणीला माणसे पांगली. दोघेच उरले. अँब्रोजने बाह्या सारल्या आणि सूप काढून ठेवून भांडी घासायला घेतली. बर्नी कोट काढून फडके घेऊन शेजारी उभी राहिली.

“बेटाला फसवलं मी,” तो म्हणाला. “पुढच्या शनिवारी माफी मागायला हवी. माणसं उगाच चुकली.”

“चुकली नाहीत रे,” बर्नी म्हणाली. “जरा लवकर आली.”

त्याचे हात साबणाच्या पाण्यात थांबले.

“गुरुवारी हॉस्पिटलातून फोन आला होता. तुला सांगितलं असतं तर तू शनिवारचं काही लावलं नसतंस. बसला असतास माझ्याजवळ नुसता.” तिने त्याच्या हातातले भांडे काढून घेतले आणि पुसू लागली. “ही थंडी काढेन म्हणाले. पुढचं डॉक्टरला सांगता येईना.”

खाली बंदरात भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बर्नीने एकेक भांडे पुसून टेबलावर मांडले. ट्रिफीना मावशीचे पातेले पुसताना तिने बुडाच्या पट्टीवर अंगठा दाबून सुटलेला कोपरा चिकटवला.

“परत द्यायची घाई करू नकोस,” ती म्हणाली. “त्यांना पुन्हा आणावी लागतील.”

अँब्रोजने हात पुसले. मग त्याने ती सगळी भांडी एकात एक घातली आणि दाराजवळच्या खालच्या फळीवर, सहज हाताशी येतील अशी, नीट रचून ठेवली.